तेच सारं, तरीही: एका श्लोकाचा हेवा आणि त्यातून झालेल्या दोन रचना

गाणी लिहिणाऱ्या माणसाला दुसऱ्याचं गाणं दोन तऱ्हांनी आवडतं. काही गाणी आपण इतरांसारखीच ऐकतो, गुणगुणतो आणि कामाला लागतो. पण मोजक्या काही गाण्यांपाशी अडकून बसायला होतं. ती ऐकताना आनंद होतो आणि त्याच क्षणी आत कुठेतरी टोचतंही की हे मला सुचायला हवं होतं. शब्द ओळखीचे, प्रसंग साधा, यमकंही कुणालाही सापडतील अशी. तरीही ते आपल्या हातून झालं नाही, दुसऱ्या कुणाच्या तरी हातून झालं.

या टोचणीचं पुढे काय करायचं? ती विसरता येते. तिच्या भरात त्या गाण्याची फिकी नक्कलही करता येते, आणि बहुतेक वेळा तेच होतं. गाण्यातली प्रतिमा उचलली जाते, किंवा त्याचा मूड उचलला जातो, किंवा त्याच मीटरवर दुसरे शब्द बसवले जातात. मूळ गाणं माहीत असलेल्या माणसाला पहिल्या दोन ओळींतच ते कळतं.

तिसराही एक मार्ग आहे, आणि तो एका प्रकरणात फार स्वच्छ दिसतो. या प्रकरणात एकच संस्कृत श्लोक दोन कवींच्या समोर आला. एक १६व्या शतकातले, दुसऱ्या २०व्या शतकातल्या. दोघांनाही तो भिडला, आणि दोघांनी त्यातून आपली स्वतःची रचना उभी केली. दुसरी रचना मराठीत आहे आणि जवळपास प्रत्येक मराठी घराला ठाऊक आहे: शांता शेळके यांचं 'तोच चंद्रमा नभात'. संगीत आणि स्वर सुधीर फडके यांचा.

माझ्या 'हे मी लिहायला हवं होतं' अशा गाण्यांत हे फार वर आहे. आणि या गाण्याच्या मुळाशी दुसऱ्या कुणाची तरी चार ओळींची रचना आहे, हे कळल्यापासून ते माझ्या मनात आणखी वर गेलं.

मूळ श्लोक

श्लोक असा आहे:

यः कौमारहरः स एव हि वरस्ता एव चैत्रक्षपा-
स्ते चोन्मीलितमालतीसुरभयः प्रौढाः कदम्बानिलाः ।
सा चैवास्मि तथापि तत्र सुरतव्यापारलीलाविधौ
रेवारोधसि वेतसीतरुतले चेतः समुत्कण्ठते ॥

बोलणारी स्त्री आहे. सखीशी किंवा स्वतःशीच बोलल्यासारखी ती म्हणते: ज्याने माझं कौमार्य हरण केलं तोच आज माझा पती आहे. चैत्रातल्या रात्री त्याच आहेत. उमललेल्या मालतीचा गंध घेऊन कदंबांतून येणारे भरदार वारेही तेच. मीही तीच आहे. तरीही रेवेच्या काठी, वेताच्या झाडाखाली, तिथल्या त्या प्रणयासाठी मन झुरतं. रेवा म्हणजे नर्मदा.

हा श्लोक परंपरेने शीलाभट्टारिका या कवयित्रीच्या नावावर आहे. जुन्या सुभाषितसंग्रहांत तिच्या नावाने मोजकेच श्लोक आढळतात. पण तिच्या शैलीची वाखाणणी बाणभट्टाच्या जोडीने केलेली सापडते. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संस्थेतल्या अभ्यासकांनी २०२३ साली एका चालुक्यकालीन ताम्रपटाच्या आधारे ती दुसऱ्या पुलकेशीची मुलगी असल्याचं मांडलं. ती राजकन्या असो वा नसो, वृत्तावरची तिची पकड मात्र श्लोकातच दिसते. वृत्त आहे शार्दूलविक्रीडित, ओळीला १९ अक्षरं. एवढ्या लांब ओळीत सर्वनामं ठेवून ठेवून ती पुढे सरकते: स, ता, ते, सा. आणि चारही झाल्यावर येतं 'तथापि'.

श्लोकाचा सगळा भार या एका शब्दावर आहे. त्याच्या आधी फक्त यादी आहे आणि त्याच्या नंतर ओढ.

काव्यशास्त्रकार मम्मटाने ११व्या शतकात 'काव्यप्रकाश' लिहिला, तेव्हा काव्याची व्याख्या केल्याबरोबर पहिल्याच उल्लासात, म्हणजे प्रकरणात, त्याने हा श्लोक उदाहरण म्हणून दिला. कशाचं उदाहरण, तर स्पष्ट अलंकार नसतानाही काव्य कसं असतं याचं. त्याचं म्हणणं सरळ आहे: इथे कुठलाही अलंकार उठून दिसत नाही, तरी काव्यपणाला बाध येत नाही. पुढे १४व्या शतकात 'साहित्यदर्पण'कार विश्वनाथाने यावर हरकत घेतली. कारण सगळी हजर असूनही परिणाम होत नाही, किंवा कारण नसताना ओढ आहे, म्हणजे इथे विशेषोक्ती आणि विभावना या दोन अलंकारांचा संकर, म्हणजे मिश्रण आहे, असं त्याने दाखवलं. शास्त्र म्हणून विश्वनाथाचं बरोबर असेल. पण लिहिणाऱ्याच्या दृष्टीने मला मम्मट जास्त उपयोगी वाटतो, कारण अशी रचना उचलणं इतकं कठीण का असतं, ते त्याच्या निरीक्षणातून कळतं.

बघा ना, या श्लोकात चोरण्यासारखं काहीच नाही. चैत्राची रात्र, मालतीचा गंध, वाऱ्याची झुळूक हे संस्कृतातल्या कुठल्याही कवीच्या पडवीत पडलेलं सामान आहे. एखादी अपूर्व उपमा असती तर नकलकाराने ती उचलली असती. इथे उपमाच नाही. जे आहे ते मांडणीत आहे: 'हेही तेच, तेही तेच' असं एकेक करत सगळं मोजून दाखवायचं, ऐकणाऱ्याला वाटू द्यायचं की आता समाधानाचं वाक्य येणार, आणि नेमकं तिथे वळायचं. ज्याला हा श्लोक खरोखर घ्यायचा आहे त्याला शब्द टाकून सांगाडाच घ्यावा लागतो.

दोघांनी तसंच केलं. मात्र सांगाड्यावर काय चढवायचं याचे त्यांचे निर्णय पूर्णपणे वेगळे निघाले.

पुरीतला प्रसंग

१६व्या शतकाच्या सुरुवातीच्या काळातली जगन्नाथपुरी. रथयात्रेत बंगालचे कृष्णभक्त संत चैतन्य महाप्रभू रथापुढे नाचताना हाच श्लोक म्हणत. भक्तांना त्याचं कोडं पडे. देवाच्या रथापुढे हा उघड शृंगाराचा, लौकिक श्लोक का? 'चैतन्य चरितामृत' या चैतन्यांच्या चरित्रात कृष्णदास कविराज सांगतात की चैतन्यांच्या मनातला अर्थ एकट्या स्वरूप दामोदर या त्यांच्या निकटच्या सोबत्याला ठाऊक होता. त्या वर्षी चैतन्यांचे शिष्य, कवी रूप गोस्वामी तिथे होते. त्यांनी श्लोक ऐकला, अर्थ ओळखला आणि त्याच सांगाड्यावर आपला श्लोक रचून ताडपत्रावर लिहिला. ताडपत्र झोपडीच्या छपरात खोचलं आणि ते समुद्रस्नानाला गेले. तेवढ्यात चैतन्य तिथे आले, ताडपत्र त्यांच्या नजरेस पडलं, त्यांनी वाचलं आणि ते भारावले. रूप परतल्यावर त्यांना प्रेमाने एक चापट मारून, माझ्या मनातलं तुला कसं कळलं, असं त्यांनी विचारलं.

रूप गोस्वामींचा श्लोक राधेच्या तोंडी आहे. अनेक वर्षांनी कुरुक्षेत्रावर तिची आणि कृष्णाची भेट होते. सखे, हा तोच प्रिय कृष्ण, मीही तीच राधा, दोघांच्या भेटीचं सुखही तेच. 'तथापि' माझं मन यमुनेकाठच्या त्या वनासाठी झुरतं, जिथे मुरलीचा पंचम खेळत असे.

शब्दांकडे बारकाईने बघितलं की रूप गोस्वामींचं कसब कळतं. चैत्र नाही, मालती नाही, कदंबाचा वारा नाही. मूळ श्लोकाने दीड-दोन ओळी ज्या वातावरणावर खर्च केल्या ते त्यांनी सगळं काढून टाकलं. त्यांना त्याची गरजच नव्हती. राधा, कृष्ण आणि कुरुक्षेत्र एवढी तीन नावं उच्चारली की ऐकणाऱ्याच्या मनात आख्खं गोकुळ उभं राहतं, आणि त्यासमोर हत्ती-घोड्यांच्या गराड्यातला राजा कृष्णही उभा राहतो. जे मूळ कवयित्रीला वर्णनाने करावं लागलं ते यांनी श्रोत्याच्या आठवणीवर सोपवलं. मूळची स्त्री अनामिक होती. ती रिकामी जागा त्यांनी भरली.

वृत्तही बदललं. शार्दूलविक्रीडित सोडून शिखरिणी घेतलं, १९ अक्षरांची ओळ १७वर आणली. हा निर्णय मला फार शहाणपणाचा वाटतो. एखादी रचना कानात इतकी भिनलेली असताना तिच्याच वृत्तात लिहायला बसलं की तिचे शब्द आपोआप आपल्या ओळीत येऊन बसतात. चालीवर लिहिणाऱ्या प्रत्येकाने हे अनुभवलं असेल: आवडत्या गाण्याच्या मीटरवर लिहायला घेतलं की त्याच गाण्याची यमकं हाताशी येतात. मीटर बदललं की ती वाटच बंद होते.

एक गोष्ट मात्र त्यांनी जशीच्या तशी ठेवली: नदीचा काठ. रेवेची यमुना झाली, एवढंच. भेट इथे होते आणि मन तिथे जातं, ही मूळची रचना त्यांनी हलवली नाही. पुढच्या मुद्द्यासाठी हे लक्षात ठेवायला हवं. आणि हेही, की आपल्या 'पद्यावली' या संग्रहात रूप गोस्वामींनी मूळ श्लोक आणि स्वतःचा श्लोक शेजारी-शेजारी ठेवले. ज्याचा हेवा वाटला ते लपवायचं कशाला?

शांताबाईंसमोरचा श्लोक

आता या प्रकरणाचा गाभा.

शांता शेळके (१९२२–२००२) मराठीच्या प्राध्यापक. अनुवाद हे त्यांच्या हातातलं रोजचं काम. 'मेघदूत' त्यांनी मराठीत आणलं, जपानी हायकू आणले, 'चौघीजणी'सारखी कादंबरी आणली. म्हणजे चार ओळींच्या संस्कृत श्लोकाचा नेटका मराठी श्लोक करणं त्यांना मुळीच जड नव्हतं. अनुवाद करायचाच असता तर त्यांच्याइतकं सिद्ध माणूस शोधून सापडलं नसतं. या श्लोकाचा त्यांनी अनुवाद केला नाही. त्याचं गाणं केलं. कुठल्या श्लोकावरून हे गाणं सुचलं, हे मात्र उघड सांगितलं.

गाणं जवळून बघूया. मुखड्याची पहिली ओळ 'तोच चंद्रमा नभात, तीच चैत्रयामिनी'. अक्षरं मोजली तर १५, आणि ती गुरू-लघू, गुरू-लघू अशी एकाआड एक चालत शेवटी गुरूवर थांबतात. हे चामर वृत्त आहे, अगदी काटेकोर. गुरू-लघूची प्रत्येक जोडी तीन मात्रांची, म्हणून ओळ झुलत, पण न थबकता पुढे जाते. शार्दूलविक्रीडिताची भारदस्त लांब चाल इथे नाही. आणि गंमत अशी की 'तोच' आणि 'तीच' हे दोन्ही शब्द स्वतःच गुरू-लघू आहेत. म्हणजे ज्या शब्दावर सगळं गाणं उभं आहे तोच त्या गाण्याचा ठेका आहे. पुढच्या ओळी अक्षरगणाच्या शिस्तीतून सुटून मात्रांवर चालतात, पण कानाला पहिल्या ओळीचा ठेका लागलेला असल्यामुळे मोडतोड जाणवत नाही. एवढं करायला वृत्तांवर हुकमत लागते आणि ती दाखवायची नाही असा संयमही लागतो.

दुसरं पाहा. संस्कृत श्लोकात चंद्र नाही. चैत्रातल्या रात्री आहेत, पण चंद्र कवयित्रीने उच्चारलेला नाही. शांताबाई सुरुवातच चंद्रापासून करतात. हे साधं वाटतं, पण 'तेच असणं' याचा सगळ्यात मोठा साक्षीदार चंद्र आहे. फुलं दरवर्षी नवी येतात, वारा तर क्षणाक्षणाला नवा असतो. चंद्र मात्र खरोखर तोच असतो. ज्या कवितेचा आधारच 'तेच' हा आहे तिथे पहिला मान त्याला देणं मला अगदी रास्त वाटतं.

तिसरा बदल बोलणाऱ्याचा. स्त्रीच्या नावावर असलेला, स्त्रीच्या तोंडचा श्लोक एका कवयित्रीने पुरुषाच्या तोंडी दिला. आणि तो सखीपाशी मन मोकळं करत नाही. ती जवळ आहे, एकांत आहे, आणि तो तिला 'तू' म्हणून बोलतो. मूळ श्लोकातला पती तृतीय पुरुषात आहे, त्याला हे ऐकू जाण्याचा प्रश्नच नाही. इथे जिच्याविषयी बोलणं चाललं आहे ती समोर बसली आहे. एवढ्या एका बदलाने गाण्यात एक अवघडलेपण येतं जे श्लोकात नव्हतं. फडक्यांच्या आवाजातला तो स्थिरपणा, कुठेही गळा न काढता सांगणं, यामुळे ते आणखी सोसेनासं होतं.

पण या तिन्हींहून मोठा बदल चौथा आहे, आणि त्यासाठीच मी हे प्रकरण लिहायला घेतलं.

संस्कृत श्लोकात सगळं तेच आहे, पण एक गोष्ट वेगळी आहे: जागा. ती आज घरात आहे आणि मन रेवेच्या काठी आहे. म्हणजे तिच्या हुरहुरीला पत्ता आहे. काय हवं आहे हे तिला ठाऊक आहे. उद्या ती आणि तिचा पती नर्मदेकाठी गेले तर कदाचित ते सापडेलही. रूप गोस्वामींनी हा पत्ता बदलला, पण ठेवला. राधेला वृंदावन हवं आहे आणि वृंदावन आहे.

शांताबाईंनी तो पत्ताच पुसला. त्यांच्या गाण्यात पहिल्याच अंतऱ्यात सांगून टाकलं आहे की जाईचा कुंजही तोच आहे. मूळच्या मालतीची जाई झाली, वेताच्या झाडाखालच्या जागेचा कुंज झाला, आणि तो कुंज दूर नाही, इथेच आहे, ते दोघं त्यातच बसले आहेत. रात्र तीच, चंद्र तोच, शांतता तशीच, चांदणं तेच, सावल्यांनी रेखलेलं चित्र तेच, गंध तोच, तू तीच, मी तोच. आणि जागाही तीच. आता ओढ जाणार कुठे? मूळ श्लोकातली बाहेर पडण्याची एकमेव वाट त्यांनी बंद केली.

म्हणून दोन्ही रचनांचा सांगाडा एक असूनही त्यांची भावना एक नाही. श्लोक हुरहुरीचा आहे. त्यातलं प्रेम शाबूत आहे, फक्त त्याला पहिला प्रसंग हवा आहे. गाणं प्रेम संपल्याचं आहे. दुसऱ्या अंतऱ्यात तो विचारतो की ती धुंदी कुठे गेली, ती प्रीती कुठे गेली. तिसऱ्यात त्या पहिल्या प्रीतीच्या खुणाही उरलेल्या नाहीत, वाळल्या फुलांत गंध शोधणं चाललं आहे. सगळी कारणं हजर आहेत आणि परिणाम नाही. विश्वनाथाची विशेषोक्ती इथे मूळ श्लोकापेक्षाही जास्त लागू पडते.

'तोच चंद्रमा' हे त्या श्लोकाचं रूपांतर आहे असं म्हटलेलं मी ऐकतो तेव्हा म्हणूनच मला ते पटत नाही. रूपांतरात निष्कर्ष तोच राहतो. इथे सामान घेतलं आणि निष्कर्ष पालटला. हेवा वाटलेल्या रचनेचं यापेक्षा चांगलं काही करता येतं असं मला वाटत नाही.

चार ओळींचं गाणं करताना

यात एक व्यावहारिक अडचणही होती, आणि ती प्रत्येक गीतकाराला माहीत असते. श्लोक म्हणायला अर्धा मिनिटही पुरे. भावगीताला मुखडा हवा, अंतरे हवेत. कल्पना चार ओळींची आणि जागा त्याच्या तिप्पट-चौपट. इथे बहुतेक जण भरणा करतात: पहिल्या अंतऱ्यात जे सांगितलं तेच दुसऱ्यात वेगळ्या फुलांच्या नावाने.

शांताबाईंनी 'तथापि' पुढे ढकलला. श्लोकात तो तिसऱ्या ओळीत येतो. गाण्यात पूर्ण मुखडा आणि पूर्ण पहिला अंतरा नुसता 'तेच, तेच' चाललेला आहे. पहिल्यांदा ऐकणाऱ्याला हे गाणं आनंदाचं वाटू शकतं. जुन्या जागी परत भेटलेल्या दोघांचं मीलनगीत. वळण दुसऱ्या अंतऱ्यात येतं. म्हणजे जास्तीची जागा त्यांनी भरली नाही, ती ऐकणाऱ्याला निर्धास्त करायला वापरली.

आणि मग ध्रुवपद. श्लोक एकदा म्हटला की संपतो. गाणं मात्र प्रत्येक अंतऱ्यानंतर पहिल्या ओळीवर परत येतं. हा गाण्याचा नियमच आहे. दुसऱ्या कुठल्याही गाण्यात ही नुसती पुनरावृत्ती असते. इथे प्रत्येक वेळी तीच ओळ, तेच स्वर, आणि दर वेळी अर्थ थोडा जास्त रिकामा झालेला. पहिल्यांदा 'तोच चंद्रमा' ऐकताना चंद्र सुंदर असतो. शेवटच्या अंतऱ्यानंतर तो परत येतो तेव्हा तो फक्त तोच असतो. गाण्याचा विषय आणि गाण्याचा घाट इतके एकजीव झालेले मी फार कमी ठिकाणी पाहिले आहेत. आणि हे श्लोकाला कधीच जमलं नसतं, कारण श्लोकाला ध्रुवपद नसतं. नवी रचना मुळापेक्षा वेगळी का करायची याला यापलीकडे समर्थन लागत नाही: नव्या प्रकारात अशी एक गोष्ट शक्य होती जी जुन्या प्रकारात नव्हती.

शेवटची ओळ तर गाण्याविषयीच आहे. भंगलेल्या सुरांतून ते गीत काही जुळून येत नाही, असं ती म्हणते. आणि हे ज्या गाण्यात म्हटलं आहे ते पूर्णपणे जुळून आलेलं आहे.

सांगाडा आणखी कुणाच्या उपयोगाचा?

एवढं बघितल्यावर हात शिवशिवतात. सगळ्यात आधी सुचतं ते उलटं करणं: सगळं बदललं, तरीही प्रेम तेच. हे लगेच जमतं आणि म्हणूनच त्यावर विश्वास ठेवू नये. सगळं बदलूनही काहीतरी टिकलं हा दिलासा आहे, आणि दिलासा देणारी गाणी आधीच उदंड आहेत. मूळ सांगाड्याची ताकद दिलासा नाकारण्यात आहे. उलटा केला की तो मऊ पडतो. नुसती नावं बदलूनही भागत नाही. रूप गोस्वामींची नावं चालली, कारण त्या नावांमागे श्रोत्याच्या मनात सबंध कथा होती. आपण दोन काल्पनिक माणसं घातली तर त्यांच्यामागे काहीच नसतं.

मग मी त्या दोघांसारखं बघायचा प्रयत्न केला: आधीच्या कवीने काय गृहीत धरलं आहे? शीलाभट्टारिकेने गृहीत धरलं होतं की हरवलेलं दुसरीकडे कुठेतरी असतं. शांताबाईंनी ते काढून घेतलं. शांताबाईंच्या गाण्यात काय गृहीत आहे?

गाण्यातला पुरुष म्हणतो, मी तोच आहे आणि तूही तीच आहेस. स्वतःबद्दल त्याला बोलायचा अधिकार आहे. तिच्याबद्दल हे कुणी ठरवलं? ती जवळ बसली आहे, तिने सगळं ऐकलं आहे, आणि सबंध गाण्यात तिला एक शब्दही नाही. चंद्राला पाहून तो तोच आहे हे सांगता येतं. माणसाला पाहून सांगता येतं का? त्याने जे सगळे पुरावे गोळा केले त्यातला हा एकच पुरावा तपासलेला नाही, आणि कदाचित प्रीती कुठे गेली याचं उत्तर तिथेच आहे. श्लोकात 'मीही तीच' हे ती स्वतः म्हणत होती. बोलणारा बदलला तेव्हा ते वाक्य तिच्या तोंडून निघून त्याच्या तोंडी गेलं.

ही जागा मोकळी आहे. तिचं उत्तर हे एक गाणं होऊ शकतं, आणि ते त्या गाण्याचं विडंबन किंवा पुरवणी न होता स्वतंत्र उभं राहू शकतं, जर तिच्या तोंडी खरोखर नवं काही आलं तर.

मीटर बदलायचं हे रूप गोस्वामींकडून घेतलं. तीन-तीन मात्रांचा झोका सोडून आठ-आठ मात्रांच्या चालीत, बोलण्याच्या जवळ:

तू म्हणशी मी तीच अजूनी, विचारले का कधी मला?
चंद्र तुझा हा तसाच असुनी कुठे ओळखी तो मजला?

पहिली ओळ मला मान्य आहे. ती बोलल्यासारखी येते आणि तक्रार सरळ पुढ्यात ठेवते. दुसरीतली कल्पना ठेवण्यासारखी आहे: चंद्र बदलला नाही, पण तोही हिला ओळखत नाही. शब्द मात्र अजून पक्के नाहीत. 'असुनी' मात्रा भरायला आलेला आहे, आणि 'मला'ला 'मजला' हे यमक कच्चं आहे. शिवाय आजच्या बाईच्या तोंडी 'मजला' खोटा वाटतो. ती ओळ पुन्हा घडवावी लागेल.

त्याआधी एक निर्णय व्हायला हवा. पहिल्या अंतऱ्यात तिने आपल्यातला एक ठोस बदल सांगायला हवा, एकच, आणि तो असा की त्याला तो दिसला नव्हता हे ऐकणाऱ्याला पटेल. रात्र, चांदणं, जाई, कुंज, गंध यांतलं काहीही त्यासाठी वापरता येणार नाही, कारण ते सगळं त्याच्या बाजूचं आहे. तिच्या बाजूला काय आहे, ते शोधण्याचं काम आता चालू आहे.